कधी बंद पडते ते आधी सांग

चि. मुक्ता,

तुझा मेसेज वाचला. कसारा घाटात तुझी पद्मिनी बंद पडली, अर्ध्या तासाने आपली आपण चालू झाली, आणि नाशिकला पोचल्यावर गॅरेजवाल्याने ‘कार्बोरेटर बदलावा लागेल’ म्हणून आकडा सांगितला. त्याने बॉनेटखाली किती वेळ डोकं घातलं होतं ते तू लिहिलं नाहीस. मी अंदाज बांधलाय. फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सविस्तर लिहितो. हल्ली जुनी पद्मिनी, जुनी आठशे, जुनी जीप हौसेने घेणारी तुझ्या वयाची बरीच पोरं दिसतात. त्यांच्याही नजरेखालून जावं म्हणून हे उघडं पत्र.

कार्बोरेटर बदलू नकोस. आत्ता तरी नको.

एसटीच्या वर्कशॉपात गाडी आत लावली की ड्रायव्हर तक्रार लिहून मोकळा व्हायचा. ‘गाडी ओढत नाही.’ ‘खालून आवाज येतो.’ ‘ब्रेक बरोबर नाही.’ तेवढ्यावर पाना उचलणारे आमच्यात होते, आणि सगळ्यात जास्त सामान तेच खर्ची घालायचे. आमचा हेड मेकॅनिक मात्र आधी ड्रायव्हरला कँटीनमधून बोलावून घ्यायचा. चढाला ओढत नाही का सपाटीलाही? सकाळी की दुपारनंतर? भरलेली असताना की रिकामी असली तरी? क्लच दाबल्यावर आवाज जातो की येतो? ड्रायव्हर वैतागायचे, त्यांना पुढची फेरी धरायची असायची. पण तेवढ्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त शंका गळून पडायच्या. काय होतंय यापेक्षा कधी होतंय याला तो जास्त किंमत द्यायचा. मलाही तीच सवय लागली.

माझं सगळं शिक्षण डिझेलवर झालं. डिझेलला ना प्लग, ना कॉइल, ना पॉइंट. पेट्रोलच्या गाडीचं जे काही येतं ते परळच्या एका टॅक्सीवाल्या मिस्त्रीकडे सुट्टीच्या दिवशी बसून शिकलो. तेव्हा मुंबईत काळीपिवळी म्हणजे बहुतेक फियाटच. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून इलेव्हन हंड्रेड डिलाइट बनायला लागली, पुढे तीच प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. कागदावर नावं बदलली तरी मिस्त्री तिला फियाटच म्हणायचा. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदवलेली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून गेली. त्या मिस्त्रींबरोबर बरीच विद्याही गेली. तुझ्या गॅरेजवाल्याला पूर्ण दोष देत नाही. त्याच्या हाताखालून ज्या गाड्या जातात त्यांना कॉम्प्युटर लावला की तो चूक सांगतो. तुझ्या गाडीला तो लावायला जागाच नाही.

आता घाट. ‘चढावर बंद पडली, थोड्या वेळाने चालू झाली’ या एका तक्रारीमागे चार वेगवेगळी कारणं असू शकतात, आणि कार्बोरेटर त्या चारांत नाही. बिघडलेला कार्बोरेटर अर्धा तास उभं राहून बरा होत नाही.

पहिलं कारण व्हेपर लॉक. तुझ्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाच्या अंगाला बोल्टने बसवलेला आहे. आत एक रबरी पडदा, तो कॅमशाफ्टच्या ठोक्याने खालीवर होतो आणि मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून पुढे ढकलतो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढते, इंजिन तापतं, समोरून वारा पुरेसा नाही. पंपात आणि त्याच्या पाइपात पेट्रोलची वाफ होते. वाफ दाबली की दबते, पुढे जात नाही. पंप हलत राहतो आणि कार्बोरेटर उपाशी. उन्हाळ्यात मुंबईचे टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं गुंडाळून ठेवायचे ते याच्यासाठी.

दुसरं, कॉइल. आतल्या तारेचं वेटोळं जुनं झालं की तापल्यावर कुठेतरी सुटतं आणि गार झालं की परत जुळतं. तिसरं, टाकीचं झाकण. टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यायला हवी. झाकणाचं बारीक भोक धुळीने किंवा रंगकाम करणाऱ्याने बुजवलं असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. चौथं, टाकीच्या तळाचा गाळ. चालत्या गाडीत तो ओढला जाऊन जाळीवर बसतो, गाडी थांबली की परत खाली पडतो.

गंमत बघ. अर्धा तास थांबलं की चारही गुन्हेगार निर्दोष सुटतात. वाफ विरते, कॉइल गार होते, पोकळी हळूहळू भरते, गाळ तळाला जातो. नंतर गॅरेजात उभी केलेली गाडी उत्तम चालते, आणि मिस्त्रीला काहीतरी सांगायचं असतं म्हणून तो कार्बोरेटर म्हणतो. याचा तपास जागेवरच, पहिल्या पाच मिनिटांत व्हायला हवा.

मरताना ती कशी मेली हे सगळ्यात आधी आठव. कॉइल गेली तर किल्ली फिरवून बंद केल्यासारखी एकदम जाते. पेट्रोल कमी पडलं तर आधी धक्के मारते, मागून कोणी ओढल्यासारखी होते, पाय काढला की जरा सावरते, परत दाबला की अडखळते, मग बंद. हे तू मेसेजात लिहिलं नाहीस, आणि मला नेमकं तेच हवं आहे.

पुढच्या वेळी बंद पडली तर गाडी कडेला, हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड, मागे त्रिकोण. घाटात हे आधी. मग सरळ मागे जाऊन टाकीचं झाकण उघड आणि कान दे. सूं करून हवा आत ओढली गेली तर चोर तिथेच सापडला. आवाज नाही आला तर झाकण लावून पुढे ये. जवळ एक जादा प्लग ठेवत जा. एका प्लगची वायर काढून त्या जादा प्लगला लाव, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकव, कार्बोरेटर आणि पेट्रोलच्या पाइपापासून लांब. हाताने धरू नकोस, कोरड्या फडक्याने अडकवून ठेव. झटका बसून हात फॅनमध्ये गेलेले मी बघितलेत. कोणाला तरी सेल्फ मारायला सांग. निळी, कडक ठिणगी टक-टक पडली तर कॉइल निर्दोष. ठिणगीच नाही, किंवा पिवळी मरतुकडी आहे, तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट यांच्यापैकी कोणीतरी.

ठिणगी ठीक असेल तर फडकं. पाण्याने भिजवून पिळ आणि फक्त पंपावर आणि त्याच्या पाइपावर ठेव. बाटली उपडी करू नकोस. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतून धातूला तडे पाडणारे महाभाग आहेत. आणि त्याच वेळी कॉइलला हात लावू नकोस, झाकण उघडं ठेवू नकोस, चोक ओढू नकोस. एका वेळी एकच बदल. नाहीतर गाडी चालू होईल आणि कशाने झाली ते कळणार नाही. पुढच्या घाटात पुन्हा तीच गत. पाच मिनिटांच्या फडक्याने चालू झाली तर व्हेपर लॉक समज, कारण तेवढ्या वेळात बाकी काहीच बदललेलं नाही.

तुझ्या मेसेजात एक गोष्ट फार कामाची होती: इगतपुरीनंतर नाशिकपर्यंत तिने काही त्रास दिला नाही. गाळ असता तर मोकळ्या रस्त्यावर, जास्त पेट्रोल लागताना, त्याने परत डोकं वर काढलं असतं. झाकणाचीही शक्यता त्यामुळे कमी होते, तरी ते आजच्या आज तपास, फुकटचं काम आहे. माझा संशय पंपावर. पंप आणि ब्लॉक यांच्यामध्ये एक जाड पॅकिंग असतं, इंजिनाची उष्णता पंपात जाऊ नये म्हणून. कोणीतरी पंप उघडून परत बसवताना ते फेकून दिलं असेल तर आश्चर्य वाटायला नको. कार्बोरेटरकडे जाणारा पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डच्या जवळून नेलाय का, तेही बघ. तसं असेल तर तो लांबून फिरवून क्लिपा मारल्या की काम झालं. खर्च कार्बोरेटरच्या आसपासही जाणार नाही.

पेट्रोलचा विषय निघालाय तर हेही सांगतो. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. तुझ्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपातला पडदा बनले तेव्हा त्या पेट्रोलचा कोणी विचार केलेला नव्हता. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, नाहीतर चिरतं. टाकीत वर्षानुवर्षं धरून बसलेला चिकटाही सुटून पुढे येतो. सगळे रबरी पाइप इथेनॉलला चालणारे घालून घे, टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर बसव म्हणजे गाळ डोळ्यांना दिसेल. गाडी महिनामहिना उभी ठेवणार असशील तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नकोस. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आणि आत बसल्यावर पेट्रोलचा वास आला तर तिथेच थांब. घरी जाऊन बघू, असं म्हणायचं नाही.

सकाळी चालू न होण्याचं प्रकरण यापेक्षा सोपं आहे. सेल्फ फिरतो का, हा पहिला प्रश्न. फिरत नसेल तर हेडलाइट लाव आणि सेल्फ मार. दिवे मान टाकतात? बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा मळ चढलाय. आधी मळ साफ कर, अर्थची पट्टी घट्ट कर, बॅटरीचं मग बघू. दिवे तसेच लखलखीत आणि सेल्फ मुका? तर बॅटरीला बोल लावू नकोस, सोलेनॉइड किंवा त्याच्या वायरीकडे जा. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर एक प्लग काढून बघ. पेट्रोलने भिजलेला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही, किंवा तूच चोक ओढून ओढून तिला बुडवलीस. कोरडा खडखडीत असेल तर पेट्रोलच येत नाही. पावसाळ्यात मात्र हे सगळं करण्याआधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून आतून कोरड्या फडक्याने पूस. कोकणातल्या निम्म्या ‘बंद पडलेल्या’ फियाट त्या एका फडक्याने चालू व्हायच्या.

ते झाकण काढलंसच तर आत काय आहे ते नीट बघ. दोन क्लिपा सोडव, झाकण वायरींसकट बाजूला कर, वरचा रोटर ओढून काढ. खाली करंगळीच्या नखाएवढी दोन टोकं एकमेकांना टेकलेली दिसतील. ते पॉइंट. मधल्या दांड्याला चार कोपरे आहेत. प्रत्येक कोपरा आला की टोकं उघडतात आणि त्या क्षणी ठिणगी पडते. नखाने उघडून बघितलंस तर एका टोकावर बारीकसा उंचवटा आणि समोरच्यावर खड्डा दिसेल, तिथला धातू इकडे येऊन बसलेला. थोडंफार चालतं. फार झालं असेल, किंवा टोकं जळून काळी-निळी पडली असतील, तर कंडेन्सरवर संशय घे. पॉइंट पूर्ण उघडे असताना मधली फट फीलर गेजने मोजायची, साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर; नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघून घे.

यातली खरी मेख म्हणजे, दांड्याला घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजत जाते आणि फट आपोआप कमी होते. फट कमी झाली की ठिणगी उशिरा पडते. उशिरा पडली की गाडी ओढत नाही, तापते, पेट्रोल जास्त खाते. हे इतकं हळूहळू होतं की रोज चालवणाऱ्याला कळतही नाही. मग तो रेडिएटर धुऊन घेतो, कार्बोरेटर उघडतो, इंजिनाच्या रिंगा बदलण्यापर्यंत पोचतो. मूळ काम एका स्क्रू ड्रायव्हरचं आणि फीलर गेजचं. ती दोन हत्यारं विकत घे आणि हे काम स्वतः शिक. मी आलो की एकदा दाखवतो, दुसऱ्यांदा तू कर.

तापण्याचंही ‘कधी’वर ठरतं. ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेला काटा खाली येतो: वारा कमी पडतोय, फॅनबेल्ट ढिला असेल किंवा रेडिएटरच्या जाळीत कचरा बसला असेल. हायवेलाही काटा चढत राहतो: रेडिएटर आतून क्षाराने भरलाय, वॉटर पंप थकलाय, नाहीतर थर्मोस्टॅट अडकलाय. आपल्याकडच्या मिस्त्रींचा आवडता इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. ‘आपल्या हवेला लागत नाही ताई’ म्हणतील. ऐकू नकोस. तो नसला की इंजिन बराच वेळ गारच राहतं, ऑइल पातळ होत नाही, पेट्रोल वाया जातं आणि तापण्याचं मूळ कारण झाकलं जातं. पाणी सारखं कमी होतंय पण कुठे गळताना दिसत नाही, ऑइलच्या कांडीवर दुधाळ थर येतोय, गार इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या उघड्या तोंडातून सतत बुडबुडे येताहेत, यातलं काहीही दिसलं तर हेड गॅस्केट. मग चालवायची नाही. तुझ्या गाडीचं हेड अॅल्युमिनियमचं आहे. एकदा जास्त तापून वाकलं की गॅस्केटच्या खर्चात भागत नाही. आणि तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कोणी कितीही घाईत असलं तरी.

धुराचं थोडक्यात सांगतो. थंडीच्या सकाळी पांढरा धूर येऊन गेला तर सोडून दे. काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय. चोक पूर्ण परत गेलाय का ते बघ, कार्बोरेटरच्या फ्लोटचं त्यानंतर. निळा म्हणजे ऑइल जळतंय. तोही कधी येतो ते बघ: रात्रभर उभी राहून सकाळी पहिल्यांदा चालू करताना, किंवा लांब उतारावर पाय सोडून आल्यावर पुन्हा अॅक्सिलरेटर दिला की भपकन, तर व्हॉल्व्हचे गाइड किंवा सील. चढावर जोर देताना सतत, तर रिंगा. पहिल्यावर वर्षानुवर्षं गाडी चालते. ऑइलची पातळी तपासत राहायचं, बस.

गिअर पडायला त्रास होतो म्हणालीस. क्लच उघडायच्या आधी स्टिअरिंगच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या सळ्यांचे बुश बघ. या गाडीत ते झिजतात आणि दोष विनाकारण गिअरबॉक्सवर येतो. क्लच दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग. दाबल्यावर घरघर थांबत असेल तर गिअरबॉक्सचं. गाडी सोडताना खालून एकदाच ‘टक’ होत असेल तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस.

ब्रेकच्या बाबतीत हा धीराचा तपास करायचा नाही. तिथे शंका आली की गाडी उभी. चारही चाकांना ड्रम आहेत, त्यामुळे पाणी साचलेल्या रस्त्यावरून आलीस की ब्रेक काही वेळ नावालाच असतो. हळू चालवत हलका पाय ठेवून सुकवून घे, ते साधं आहे. पण पायडल खोल जातंय आणि दोनदा मारल्यावर वर येतंय तर शू ॲडजस्ट करायचे किंवा लाइनमधली हवा काढायची. पायडल दाबून धरल्यावर हळूहळू बुडत जातंय तर मास्टर सिलिंडरचं रबर गेलं. एका बाजूला ओढत असेल तर विरुद्ध बाजूच्या चाकाच्या आतल्या अंगाला ओलं दिसतंय का ते बघ. व्हील सिलिंडर गळत असला की ऑइल शूवर जातं आणि पलीकडचं चाक एकटंच काम करतं. डब्यातलं ब्रेक ऑइल कमी झालं म्हणून नुसतं भरून पुढे जायचं नाही, ते गेलं कुठे ते शोधायचं. चारही चाकांची रबरं आणि ऑइल एकदमच बदलून घे. यात मी एका वेळी एकच बदल म्हणणार नाही.

सामानाचं म्हणशील तर पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. जुनं घेऊन जा आणि शेजारी ठेवून बघ, फोटो दाखवून घेऊ नकोस. नवीन कंडेन्सर घातलास तरी जुना चालता असेल तो डिक्कीत ठेव. हल्ली मिळणारे डुप्लिकेट कंडेन्सर कधी दगा देतील सांगता येत नाही.

झाकण तपासलंस की कळव. आणि ती धक्के मारत बंद पडली की एकदम, ते आठवून लिही. पंपाचं पॅकिंग मी नाना पेठेत विचारून ठेवतो.

तुझा,
काका

ता. क. बाबांना सांग, गाडी चालू होत नाही म्हणून ढकलायला माणसं गोळा करायच्या आधी एकदा पेट्रोलचा काटा बघायचा. त्या गाडीचा काटा भरवशाचा नाही, म्हणून टाकीत सळीही बुडवून बघायची.